आयसीयूबाहेर सही कोण करणार?

मागच्या अंकात पाठदुखीच्या एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले, की मी माझं वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवलं आहे. म्हणजे शेवटच्या आजारात मला बोलता आलं नाही तर कोणते उपचार करायचे, कोणते नाहीत, ते आधीच लिहून ठेवलेला कागद. पाठदुखी राहिली बाजूला, पत्रांचा गठ्ठा या कागदावरच आला. म्हणून हा अंक त्यालाच देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. मिरजेत आयसीयूची इन्चार्ज सिस्टर होते, आता निवृत्त आहे आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात लोकांना हे कागद करायला मदत करते. पत्रांतली नावं नेहमीप्रमाणे काढली आहेत.

सिस्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. यजमान गेले तेव्हा शेवटचे एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. एक शब्द बोलता आला नाही, हात कॉटला बांधलेले. मला तसं जायचं नाही. थोरला मुलगा न्यू जर्सीला, धाकटा पुण्यात, मुलगी कराडला. विषय काढला की धाकटा म्हणतो, ‘आई, तिन्हीसांजेचं असलं अभद्र बोलू नकोस.’ थोरला म्हणतो, ‘खर्चाची काळजी करू नकोस, तुझं सगळं बेस्ट करू.’ मुलगी रडायलाच लागते. कागद कसा करायचा आणि मुलांना कसं सांगायचं? – सातारा

बाई, आधी त्या बांधलेल्या हातांचं सांगते, कारण ते तुमच्या मनात अजून सलतंय. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून, स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते. म्हणून आवाज फुटत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाचा हात आपसूक नळीकडे जातो आणि त्यानं ती ओढली तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणून आम्ही मनगटाला कापूस लावून बँडेजनं हात बांधतो. यात दुष्टपणा नसतो. न्यूमोनियाचा चाळीस वर्षांचा पेशंट पाचव्या दिवशी नळी काढून चहा मागतो, तेव्हा बांधलेल्या हातांचं कुणालाच काही वाटत नाही. प्रश्न असतो तो कोणासाठी आणि किती दिवस, हा.

म्हणून कागदावर ‘मला व्हेंटिलेटर लावू नये’ एवढं एकच वाक्य लिहू नका. बहुतेक लोक तेच लिहून आणतात आणि मी ते परत लिहायला लावते. उद्या तुम्हाला साधा न्यूमोनिया झाला, चार दिवस यंत्राचा आधार मिळाला असता तर तुम्ही घरी येऊन नातवंडांचा अभ्यास घेतला असता, आणि त्या एका वाक्यापायी डॉक्टर अडून बसले, तर? कागद लागू व्हायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. तुम्हाला स्वतःला निर्णय सांगता येत नसला पाहिजे, आणि आजार बरा होण्याची आशा उरलेली नसली पाहिजे. तुम्ही शुद्धीत आहात तोवर कागद कपाटातच राहतो; डॉक्टरांनी तुम्हालाच विचारायचं असतं.

माझ्या कागदात काय लिहिलं आहे ते उतरवून देते. जसंच्या तसं घेऊ नका, तुमचं तुम्ही लिहा.

‘मी शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. मला माझा निर्णय सांगता येत नसेल आणि मी पुन्हा माणसं ओळखून त्यांच्याशी बोलू शकेन अशी आशा डॉक्टरांना वाटत नसेल, तर माझं हृदय थांबल्यावर छाती दाबून किंवा शॉक देऊन ते चालू करू नये. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातल्या नळीनं अन्न सुरू करू नये. सुरू असेल तर काढावं. आशा आहे की नाही हे कळत नसेल तर उपचार जरूर सुरू करावेत, पण किती दिवसांनी पुन्हा ठरवायचं ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझ्या भाचीला सांगावं. दुखणं, धाप आणि घाबरेपणा यांवर औषध पुरेपूर द्यावं, त्यानं गुंगी वाढली तरी चालेल. तोंड ओलं ठेवावं. कूस बदलावी. जमलं तर घरी न्यावं. घरी सांभाळणं जमणार नसेल तर कोणी मनाला लावून घेऊ नये. हा कागद मी केव्हाही रद्द करू शकते.’

मनाला लावून घेऊ नये, हे वाक्य कायद्यानं मागितलेलं नाही. पण घरी नेण्याचं लिहायचं आणि सुनेच्या किंवा लेकीच्या डोक्यावर ते आयुष्यभराचं ओझं ठेवायचं, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून घातलं.

आता कायदा. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून या कागदाला मान्यता दिली. पण तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. साध्या माणसानं कोर्टात जाऊन ‘साहेब, माझ्या मरणाच्या कागदावर सही करा’ म्हणायचं, हे कुठलं व्हायला! २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ते सोपं केलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची. तहसीलदार चालतात, सरकारी दवाखान्यातले राजपत्रित वैद्यकीय अधिकारी चालतात. साक्षीदार शक्यतो घरचे नकोत. शेजारी, शाळेतल्या जुन्या सहकारी बघा. निकालात स्टॅम्प पेपरची अट नाही, तरी काही नोटरी मागतात. वाद घालत बसू नका, घेऊन टाका.

आणि ज्यांनी तुमच्या वतीनं संमती द्यायची त्यांची नावं लिहायची. एकापेक्षा जास्त चालतात. बाई, सगळा कागद इथं येऊन टेकतो. बाकीच्या ओळी वकीलही लिहून देईल, हे नाव तुम्हालाच ठरवायचं आहे.

आपल्याकडे न विचारता थोरल्या मुलाचं नाव पडतं. तुम्ही तसं करू नका. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी कित्येक घरं बघितली. ज्या सुनेनं किंवा लेकीनं वर्षानुवर्षं पथ्यपाणी केलेलं असतं ती कोपऱ्यात गप्प बसलेली असते. तिला कळलेलं असतं. आणि चौथ्या दिवशी विमानतळावरून थेट आलेला मुलगा, खांद्यावरची बॅग न उतरवता विचारतो, ‘अजून डायलिसिस का लावलं नाही?’ त्याला मी दोष देत नाही. त्याला आईसाठी काहीतरी करायचं असतं आणि करण्यासारखं तेवढंच दिसत असतं. पण निर्णय त्याच्यावर सोपवायचा नाही. जो म्हणतो ‘सगळं बेस्ट करू’, त्याच्याच्यानं ‘आता पुरे’ म्हणवणार नाही.

माझं मत विचाराल तर मुलीचं नाव पहिलं. ती रडते हे चांगलंच आहे. तिला विषय कळला आहे. कराडहून साताऱ्याला ती तासा-दीड तासात पोचते. दुसरं नाव धाकट्याचं. दोघांचं पटलं नाही तर कोणाचं मानायचं तेही लिहा, नाहीतर डॉक्टर हात बांधून उभे राहतात. आणि न्यू जर्सीला कागदाचा फोटो पाठवून मग फोन करा. ‘हे मी ठरवलंय, तुझ्या बहिणीला तेव्हा बोल लावायचा नाही’ हे त्यानं तुमच्या तोंडून ऐकलेलं असू दे. माझ्या स्वतःच्या कागदावर मुलाचं नाव नाही, भाचीचं आहे. मुलगा जीव टाकतो माझ्यावर, पण सुई दिसली की खोलीबाहेर जातो.

सांगायचं कसं? तिन्हीसांजेला नको, धाकट्याचं तेवढं ऐका. रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर. आणि स्वतःच्या मरणापासून सुरुवात करू नका. ‘बाबांच्या त्या एकोणीस दिवसांत तुला काय वाटत होतं रे?’ असं विचारा आणि मग मध्ये बोलू नका. तो विषय तुमच्या घरात कोणीच काढलेला नसणार. ते बोलून झालं की कागद पुढे करायला तुम्हाला फार कष्ट पडणार नाहीत.

मोठ्या भावाला मेंदूत रक्तस्राव होऊन चोवीस दिवस झाले. खासगी हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर आहे. घशाला भोक पाडून नळी टाकली आहे. डॉक्टर म्हणतात, शुद्धीवर यायची शक्यता नाही. वहिनी म्हणते, आता हाल थांबवा. पण हॉस्पिटलवाले म्हणतात, ‘बंद आम्ही करू शकत नाही, तुमच्या जबाबदारीवर सही करून घरी न्या.’ भावानं कागद केलेला नव्हता. काय करू? – नाशिक

दादा, ‘स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज’, आमच्या भाषेत डामा, ही सही घाईनं करू नका. माझ्या डोळ्यांदेखत किती जणांनी ती केली. अँब्युलन्समध्ये एकजण श्वास देणारा फुगा हातानं दाबतोय, घराच्या दारात पोचल्यावर तो थांबवायचा कोणी हे कोणालाच माहीत नाही. धाप लागली तर औषध नाही, बरोबर नर्स नाही. आणि ज्यानं फुगा सोडला तो पुढे आयुष्यभर ‘मीच भावाला मारलं’ म्हणत बसतो. हॉस्पिटल मात्र मोकळं.

कागद नसला तरी रस्ता आहे, आणि तो त्याच २०१८ आणि २०२३ च्या निकालांत दिलेला आहे. हॉस्पिटलनं प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमायचं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे आणखी दोन तज्ज्ञ. ते पेशंट तपासतात, घरच्यांशी बोलतात, लेखी संमती घेतात. त्यांचं ‘काढावं’ असं मत पडलं तर दुसरं मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यावं, असं न्यायालयानं म्हटलं आहे. दोघांचं एकमत झालं की यंत्र काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. त्यांची परवानगी लागत नाही, नुसतं कळवायचं. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

हे सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात तुमच्या हॉस्पिटलनं असं मंडळ कधी बसवलेलंच नसेल. म्हणून तोंडी बोलू नका. वहिनींच्या सहीनं मेडिकल सुपरिंटेंडेंटना अर्ज द्या: ‘सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमावं’. पोच घ्या. अर्ज लेखी आला की हॉस्पिटलचा वकील जागा होतो, आणि बऱ्याचदा वकीलच डॉक्टरांना सांगतो की असं करता येतं.

वहिनींना आणि घरातल्या म्हाताऱ्यांना एक गोष्ट आधी समजावून ठेवा. नळी काढली की पेशंट लगेच जातोच असं नाही. काही मिनिटांत जातात, काही तास जगतात, काही दिवससुद्धा. तेवढ्यात धाप दिसू नये, घुसमट होऊ नये म्हणून मॉर्फिन आणि झोपेचं औषध देतात, ते आधीच ठरलेलं असायला हवं. ‘नळी काढल्यावर त्याला त्रास होणार नाही यासाठी तुम्ही काय देणार?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना बोलवायची मागणी करा.

आणि दादा, तुम्ही पत्राच्या शेवटी बिलाचा आकडा लिहून तो खोडलाय. पैशाचं बोलायला लाजू नका. शेत विकून चालवलेलं व्हेंटिलेटर भावाला कळतसुद्धा नाही. हे डॉक्टरांशी मोकळेपणी बोललात म्हणून भावावरचं प्रेम कमी होत नाही.

मी सोलापूरला स्टाफ नर्स आहे. आमच्या ट्रेनिंगमध्ये अरुणा शानबाग केस शिकवली. पिंकी विराणी बरोबर की केईएमच्या सिस्टर? सर काही सांगेनात. तुम्हाला काय वाटतं?

तुझ्या सरांना नोकरी करायची आहे. मी निवृत्त आहे, सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अरुणा मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला रक्त न पोचल्यानं ती कायमची भान हरपलेल्या अवस्थेत गेली. जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं जाईपर्यंत, केईएमच्याच सिस्टरांच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या की तिचं अन्न थांबवून तिला सोडवा. केईएमच्या सिस्टरांनी त्याला विरोध केला. ७ मार्च २०११ ला निकाल लागला. अर्ज फेटाळला, पण त्याच निकालानं पहिल्यांदा या देशात उपचार थांबवण्याची, म्हणजे ‘निष्क्रिय दयामरणा’ची, वाट उघडली. म्हणजे आपला आजचा कागद अरुणाच्या अर्जातूनच आला म्हण.

न्यायालयानं ठरवलं काय? तिच्या वतीनं बोलायचा हक्क विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. रोज तिला पुसणाऱ्या, भरवणाऱ्या माणसांचा. तपासायला गेलेल्या डॉक्टरांना तिच्या अंगावर एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, दिसला नव्हता. तू नर्स आहेस, एवढ्या वर्षांत एकही बेडसोअर नाही म्हणजे काय हे तुला सांगायला नको. दर दोन तासांनी कूस, पाठीला पावडर, चादरीला चुणी नाही. आणि हे एक दिवस नाही, एक ड्यूटी नाही.

मी केईएमच्या सिस्टरांच्या बाजूची आहे. आणि माझा स्वतःचा कागद मी बरोबर उलटा लिहिला आहे. तुला हे विसंगत वाटेल. मला नाही वाटत. अरुणाला काय हवं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. जेमतेम पंचविशीची मुलगी, लग्न ठरलेली, ती कशाला असलं काही बोलून ठेवेल! माहीत नसताना जी माणसं तिची कूस बदलत होती त्यांनीच बोलायचं, हे योग्य झालं. पण माझ्या बाबतीत कोणी अंदाज करत बसू नये. विराणींचा अर्ज मला पटला नाही, तरी त्यांनी तो केला नसता तर हा विषय कोर्टात आणखी किती वर्षं अडकला असता कोण जाणे.

परीक्षेत यातलं काही लिहू नकोस. तिथं तारीख आणि ‘निष्क्रिय दयामरण’ एवढं लिही, मार्क मिळतील.

वय ८३. दादरला एकटा राहतो. कागदात ‘वेळ आल्यावर इंजेक्शन देऊन मोकळं करावं’ असं लिहिता येईल का? कंटाळा आला आहे.

नाही, काका. तसं लिहिलं तरी कोणी डॉक्टर ते करू शकत नाही. आपल्याकडे तो गुन्हा ठरतो. थांबवता येतात ते उपचार. मरण देता येत नाही. तुम्ही मुंबईचे, म्हणून सांगते. ही चर्चा तुमच्याच शहरात जुनी आहे. मिनू मसानींनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती आणि पुढे सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत खासगी विधेयकही मांडलं. गाडी इंजेक्शनपर्यंत आली नाही, आणि नजीकच्या काळात येईल असं मला दिसत नाही.

पण तुमच्या एका पानाच्या पत्रात ‘कंटाळा’ तीनदा आलाय आणि आजाराचं नाव एकदाही नाही. झोप लागते का? जेवण जातं का? म्हातारपणातलं औदासीन्य औषधानं बरं होतं, हे आमच्या संघात मी स्वतः पाहिलंय. फॅमिली डॉक्टरांना हे पत्र जसंच्या तसं दाखवा. बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. वैद्यकीय इच्छापत्र जरूर करा, पण मन जरा ताळ्यावर आल्यावर. आणि मला पुन्हा लिहा. खरंच लिहा.

आयुष्याची दोरी देवाच्या हातात. उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्याच नव्हे काय? आमच्या घरात यावरून वाद झाला. – फोंडा, गोवा

विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकारानंतर औषध, अन्न, पाणी बंद केलं आणि दिवाळीच्या दिवशी, १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांना कोणी आत्महत्या केली म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. तुम्ही तेवढं करावं असं मी मुळीच म्हणत नाही. या कागदात त्याहून फार कमी मागितलेलं असतं. आजारानं मरण येतच असतं, यंत्रानं ते लांबवू नका, एवढंच. दोरी देवाच्या हातात आहे ना, मग तिला आपण गाठी कशाला मारायच्या?

आणि वाद घालणाऱ्यांना सांगा, तुमच्या गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं असं इच्छापत्र जाहीरपणे केलं. न्यायमूर्ती आत्महत्येची चिठ्ठी समारंभात लिहीत नाहीत.

एक भीती मात्र तुमच्या पत्रात खरी आहे, ‘उपाशी ठेवून मारतील’ ही. शेवटच्या दिवसांत शरीरच भूक सोडतं. तेव्हा बळंच भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, माणूस गुदमरतो. तुळशीपत्र, गंगाजल, कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करणं यांवर कोणताही कागद बंदी घालत नाही.

मी अवयवदानाचा फॉर्म भरलेला आहे. आता इच्छापत्रही करतेय. दोन्ही चालेल ना? की मृत्युपत्रातच सगळं एकत्र लिहू? – ठाणे

मृत्युपत्रात अजिबात नको. ते माणूस गेल्यावर, तेराव्यानंतर कपाटातून निघतं. तोवर आयसीयूचं सगळं होऊन गेलेलं असतं.

दोन्ही कागद चालतात, पण त्यांची एका ठिकाणी टक्कर होते, ती सोडवून ठेवा. मेंदूमृत माणसाचे अवयव घ्यायचे तर ते काढेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवावाच लागतो. तुमच्या कागदात सरसकट ‘व्हेंटिलेटर नको’ असेल तर घरचे आणि डॉक्टर दोघेही गोंधळतात. म्हणून एक ओळ घाला: ‘अवयवदानासाठी लागेल तेवढा वेळ यंत्र चालू ठेवायला माझी हरकत नाही.’ डोळ्यांना यंत्र लागत नाही. ते मृत्यूनंतर सहा तासांत घेता येतात, फोन मात्र लगेच करावा लागतो. आणि फॉर्म भरलेला असला तरी ऐनवेळी घरच्यांनाच विचारतात. तेव्हा त्यांनाही सांगून ठेवा.

नोटरी झाली. पण पालिकेत कागद घेऊन गेलो तर क्लार्क म्हणाला, ‘असलं काही आमच्याकडे जमा होत नाही.’ आता? – सांगली जिल्हा

होतं. २०२३ च्या निकालानुसार कागदाची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची आणि त्यांनी तो जपायला एक अभिरक्षक नेमायचा. नेमणुकाच होत नव्हत्या, म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर राज्यभर चारशेहून अधिक अभिरक्षक नेमल्याचं शासनानं सांगितलं. मुंबईत हे काम वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. तुमच्या क्लार्कपर्यंत ते परिपत्रक पोचलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच्याशी हुज्जत घालू नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, कागदाची प्रत जोडा आणि आवक विभागात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आवकवाला टपाल नाकारत नाही. पुढे त्यांनी ते कुठल्या फायलीत घातलं ही त्यांची काळजी; वेळ आल्यावर डॉक्टरांना दाखवायला तुमच्याकडे शिक्का असतो.

पण रात्री दोन वाजता पालिका उघडी नसते. म्हणून एक प्रत ज्यांची नावं लिहिली त्यांच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक तुमच्या दवाखान्याच्या फायलीत, ईसीजी आणि शुगरच्या रिपोर्टबरोबर. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो असू दे. पुढे मत बदललं तर नवा कागद करा आणि जुना रद्द केल्याचं लेखी लिहा. दोन सापडले तर शेवटी सही केलेला धरतात, तरी जुन्या प्रती सगळ्यांकडून परत मागून फाडा. आणि झेरॉक्स काढताना मागची बाजू विसरू नका. नोटरीचा शिक्का पुष्कळदा मागेच असतो.